छत्री, ममी आणि साबुदाण्याचं पाणी : हौशी हेराच्या विनोदी रहस्यकथेविषयी

गेल्या खेपेला आपण शेरलॉक होम्सवर बोललो. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यात एक प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. रहस्यकथेत हसायला जागा असते का? म्हणजे एकीकडे कोणाच्या तरी जिवावर बेतलंय आणि दुसरीकडे नायिका टोमणे मारतेय, हे एका पुस्तकात नांदतं कसं? त्यातून ती नायिका पोलिसात नाही, वकील नाही, तिला कोणी बोलावलेलंही नाही. मग ती नाक का खुपसते, आणि तिनं ते खुपसलेलं आपल्याला आवडतं का?

आज आपण याचं उत्तर एकाच कादंबरीतून शोधणार आहोत. नावं घ्यायची तर पंचवीस घेता येतील, पण दहा भांडी नुसती विसळण्यापेक्षा एक नीट घासलेलं बरं. कादंबरीचं नाव 'क्रोकोडाइल ऑन द सँडबँक', लेखिका एलिझाबेथ पीटर्स, प्रकाशनवर्ष १९७५. नायिका अमेलिया पीबडी. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी घाबरू नये, गुन्हेगार कोण ते आम्ही सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट फोडणारा माणूस आणि पंगतीत जिलबी येण्याआधी उठणारा माणूस, दोघंही आम्हाला सारखेच नकोसे वाटतात.

आधी गोष्ट थोडक्यात. साल साधारण १८८४. अमेलिया बत्तीस वर्षांची, अविवाहित. वडील पुस्तकांत बुडालेले विद्वान, भाऊ आपापल्या संसारात, त्यामुळे घर आणि वडील दोन्ही तिनंच सांभाळलेले. वडील वारतात आणि कळतं की म्हाताऱ्याकडे भरपूर पैसा होता, आणि तो सगळा त्यानं मुलीच्या नावे केलाय. झालं! इतकी वर्षं जिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिला एकाएकी भावांची माया आणि लग्नाची स्थळं यांचा पूर येतो. अमेलिया हे सगळं शांतपणे बघते, वकिलाकडून कागदपत्रं पक्की करून घेते आणि प्रवासाला निघते.

रोममध्ये तिला एक तरुणी रस्त्यात चक्कर येऊन पडलेली दिसते. तिचं नाव एव्हलिन. चांगल्या घरातली मुलगी, एका इटालियन तरुणाबरोबर पळून आली, त्यानं तिला सोडून दिलं, आजोबांनी तिचं नाव मृत्युपत्रातून काढून टाकलं. ना पैसा, ना घर, आणि त्या काळच्या हिशेबानं अब्रूही गेलेली. अमेलिया तिला उचलते, खाऊपिऊ घालते, तिची हकिगत ऐकते आणि सरळ आपली सोबतीण म्हणून घेऊन टाकते. दोघी इजिप्तला जातात. तिथे त्यांना दोन भाऊ भेटतात. थोरला रॅडक्लिफ इमर्सन, पुरातत्त्वज्ञ, तोंडानं फाटका, बायकांचा आणि पर्यटकांचा सारखाच तिटकारा असलेला. धाकटा वॉल्टर, सौम्य, प्राचीन भाषांचा अभ्यासक. अमेलियाची आणि थोरल्याची पहिली भेट कैरोच्या बुलाक भागातल्या जुन्या संग्रहालयात होते, ती भांडणानंच. पुढे अमेलिया नाईलवरची मोठी शिडाची नाव भाड्यानं घेते. तिला दहाबिया म्हणतात, म्हणजे तरंगता बंगलाच म्हणा ना. या नावेतून त्या दोघी अमार्नाला पोचतात. तिथे इमर्सन तापानं फणफणलेला असतो, अमेलिया त्याची शुश्रूषा करायला म्हणून थांबते आणि थांबतेच. मग एका रात्री पट्ट्या गुंडाळलेली ममी चालताना दिसते. गावातले मजूर कामावर यायचे बंद होतात. एकामागून एक अपघात व्हायला लागतात.

आता यात विनोद कुठे आहे? ममीत नाही. ममी खरंच भीतीदायक आहे. विनोद आहे सांगणारीत.

इथे जरा थांबूया, कारण आजच्या विषयाची खरी गोम इथे आहे. गेल्या वेळी आपण पाहिलं की होम्सच्या गोष्टी होम्स सांगत नाही, वॉटसन सांगतो. का? होम्सला सगळं आधीच कळलेलं असतं. त्यानं सांगायला घेतलं तर दुसऱ्याच पानावर गोष्ट संपेल. म्हणून मध्ये एक भला माणूस लागतो, जो बघतो सगळं पण ज्याला अर्थ लागत नाही. शेकडो लेखकांनी ही युक्ती उचलली. अमेलियाच्या बाबतीत मात्र मध्ये कोणीच नाही. शोध घेणारी तीच आणि सांगणारीही तीच, 'मी'च्या भाषेत. मग रहस्य टिकतं कसं?

ते टिकतं तिच्या आत्मविश्वासामुळे. अमेलिया हुशार आहे, यात शंका नाही. पण ती जितकी हुशार आहे त्यापेक्षा थोडी जास्त हुशार आपण आहोत असं तिला वाटतं. त्या 'थोड्या जास्त'च्या फटीत अख्खी कादंबरी बसलेली आहे. तिला जगातलं सगळं दिसतं, फक्त स्वतः दिसत नाही. इमर्सनबद्दल ती जागोजागी बजावते की हा माणूस उद्धट आहे, असह्य आहे, याच्यात मला काडीचा रस नाही. आणि हे सांगता सांगता त्याची हनुवटी, त्याचे डोळे, त्याचे खांदे यांचं वर्णन इतकं तपशीलवार येतं की वाचणाऱ्याला पन्नासाव्या पानाच्या आत कळून चुकतं, बाई कामातून गेल्या! तिला स्वतःला कळायला पुस्तकाचा शेवट उजाडतो.

म्हणजे या पुस्तकात दोन रहस्यं एकाच वेळी चालू आहेत. एक आपल्याला कळत नाही, ममी कोण. दुसरं आपल्याला कळलंय आणि हेरालाच कळत नाही. एकाच वेळी वाचक तिच्या मागेही असतो आणि पुढेही असतो. मागे असल्यामुळे उत्सुकता, पुढे असल्यामुळे हसू. आमच्या मते विनोदी रहस्यकथेचं सगळं यंत्र या एका वाक्यात आलं, बाकी तपशील.

या यंत्राचा आणखी एक उपयोग आहे, तो कारागिरीचा आहे. रहस्यकथेत एक न लिहिलेला करार असतो. लेखकानं सगळे धागे वाचकासमोर ठेवले पाहिजेत. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी अशा दहा नियमांची यादीच केली होती. गंमत म्हणजे हे गृहस्थ धर्मोपदेशक होते आणि फावल्या वेळात रहस्यकथा लिहीत, त्यामुळे आज्ञा दहाच असणार, हे ओघानंच आलं. तर धागे समोर ठेवायचे, पण वाचकाच्या लक्षात येऊ द्यायचे नाहीत. कसं करायचं? गंभीर कथेत लेखक धागा दहा वस्तूंच्या यादीत दडवतो. विनोदी कथेत तो हशात दडवता येतो. अमेलिया एखाद्या पात्राविषयी फटकळ शेरा मारते. आपण हसतो. हसलेला माणूस पुढच्या ओळीवर जातो, मागे वळून बघत नाही. पण त्या शेऱ्यातच, त्या पात्रानं काय म्हटलं आणि केव्हा म्हटलं, हे सांगून झालेलं असतं. जादूगार एका हातानं रुमाल हलवतो तसं. पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं की जाणवतं, अरे, ही माहिती तर आपल्याला सरळ दिली होती, आपणच तेव्हा हसण्यात गुंतलो होतो.

आणि एक प्रश्न आहे, जो पहिल्या वाचनात सहसा कोणी विचारत नाही. ममी लोकांना पळवून लावायला आली आहे, हे सगळ्यांना दिसतं. पण नेमकं कोणाला? उत्खनन करणाऱ्या इमर्सनला? मजुरांना? की आणखी कोणाला? पुस्तक वाचायला घ्याल तेव्हा हा प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवा. आम्ही याहून जास्त बोलत नाही.

आता ही बाई आली कुठून, ते पाहू. एलिझाबेथ पीटर्स हे टोपणनाव. लेखिकेचं खरं नाव बार्बरा मर्ट्झ. मुलीचं नाव एलिझाबेथ आणि मुलाचं पीटर, दोन्ही जोडून हे टोपणनाव तयार केलं. मर्ट्झबाईंचा जन्म १९२७ चा. १९५२ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठातून इजिप्तविद्येत डॉक्टरेट मिळवली. शिकागो म्हणजे त्या विषयातलं अमेरिकेतलं अव्वल ठिकाण. एवढं शिकून त्यांना त्या क्षेत्रात नोकरी मिळाली नाही. त्या काळात बाईला अशा जागी घ्यायचं म्हणजे उद्या ती लग्न करून जाणार, मग कशाला जागा वाया घालवा, असा सर्रास विचार असे. त्यांनी संसार केला, मुलं वाढवली आणि लिहायला लागल्या. १९६४ मध्ये प्राचीन इजिप्तवर सामान्य वाचकांसाठी एक पुस्तक, १९६६ मध्ये दुसरं. त्याच सुमारास बार्बरा मायकेल्स या नावानं गूढ कादंबऱ्या, आणि मग एलिझाबेथ पीटर्स या नावानं विनोदी रहस्यकथा. म्हणजे ज्या ज्ञानाला विद्यापीठात खुर्ची मिळाली नाही, ते ज्ञान अमेलियाच्या छत्रीच्या टोकाशी येऊन बसलं. अमेलियाच्या प्रत्येक टोमण्यामागे हा हिशेब आहे, असं आम्हाला वाटतं. इमर्सन सुरुवातीला बायकांना उत्खननावरून हाकलतो. मग अमेलिया काम करून दाखवते आणि तो बदलतो. तिच्या रूपामुळे नव्हे, कामामुळे. १९५२ मध्ये एका तरुण विदुषीला जे मिळालं नाही, ते १९७५ मध्ये तिनं आपल्या नायिकेला दिलं.

आणि नायिकेमागे आणखी एक खरी अमेलिया आहे. अमेलिया एडवर्ड्स, इंग्रज कादंबरीकार. १८७३ मध्ये एडवर्ड्सबाई एका मैत्रिणीबरोबर फ्रान्समध्ये फिरत होत्या. पाऊस थांबेना. कंटाळून दोघी ऊन शोधत निघाल्या त्या थेट इजिप्तमध्ये पोचल्या. दहाबिया घेतली, नाईलवरून वर गेल्या. त्या प्रवासाचं पुस्तक १८७७ मध्ये आलं आणि गाजलं. पण एडवर्ड्सबाई नुसतं प्रवासवर्णन लिहून थांबल्या नाहीत. वाटेत त्यांनी पाहिलं की थडगी फुटतायत, चित्रं खरवडली जातायत, जो तो उचलेल ते नेतोय. परत येऊन त्यांनी धडपड केली आणि १८८२ मध्ये इजिप्तमधल्या उत्खननासाठी एक निधी स्थापन झाला. १८९२ मध्ये त्या वारल्या, तेव्हा मृत्युपत्रात त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला इजिप्तविद्येचं अध्यासन स्थापन करायला पैसे ठेवले. तेच कॉलेज का? कारण तिथे मुलींनाही पदवी मिळत होती. त्या अध्यासनावर पहिले बसले फ्लिंडर्स पेट्री, आधुनिक पुरातत्त्वाच्या जनकांपैकी एक. कादंबरीतल्या अमेलियाच्या नावेचं नाव 'फिले'. एडवर्ड्सबाईंच्या नावेचंही तेच. जाणकार वाचकाला मारलेला हा डोळा आहे. आणि इमर्सनमध्ये पेट्रींचा बराच अंश उतरलाय, हे आत्ता सांगतो त्या गोष्टीवरून कळेल.

ही गोष्ट साबुदाण्याची आहे.

अमार्ना म्हणजे फॅरो अखेनातेनची राजधानी. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात त्यानं जुने देव बाजूला सारून सूर्यबिंबाची उपासना सुरू केली आणि वाळवंटाच्या कडेला नवं शहर वसवलं. तो गेल्यावर थोड्याच काळात शहर ओस पडलं. १८९१-९२ च्या हंगामात पेट्रींना तिथल्या राजवाड्यात रंगवलेली गिलाव्याची जमीन सापडली. तळं, मासे, बदकं, लव्हाळी, सगळं जमिनीवर चितारलेलं. पण गिलावा इतका नाजूक की ब्रश लावला तरी रंग सुटेल. मग पेट्रींनी काय करावं? टॅपिओकाचं पातळ पाणी केलं आणि हाताच्या बोटानं, हलकेच, इंच इंच करत त्या जमिनीवर चढवलं. टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचंच पीठ. आपल्याकडे सुती साडीला खळ देतात ना, तशी खळ दिली त्यांनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या जमिनीला! (हशा) आपण एकादशीला खिचडी करतो, त्यांनी बदकं वाचवली.

कादंबरीत हाच प्रसंग आलाय, सहा-सात वर्षं अलीकडे ओढून. जमीन इमर्सनला सापडते, तो तापानं आडवा होतो, आणि साबुदाण्याचं पाणी चढवायचं काम अमेलियाकडे येतं. तासन्‌तास गुडघ्यांवर बसून ती ते करते. तिची पाठ मोडते, बोटांची सालं निघतात. इतका वेळ फटाफट बोलणारी ही बाई या पानांवर एकदम कमी बोलते. आम्हाला पूर्ण पुस्तकात ही पानं सगळ्यात आवडतात. कारण इथे पहिल्यांदा ती स्वतःला विसरलेली दिसते. श्रीमंत, रिकामटेकडी, जग बघायला निघालेली बाई, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला तिच्या जोगं काम सापडलंय. मग एका सकाळी ती जमीन कोणीतरी फोडून टाकलेली आढळते. विनोदी रहस्यकथेत वाचकाच्या पोटात खड्डा पडावा असा हा क्षण, आणि त्यात माणूस मेलेला नाही, बदकं मेली आहेत.

पुस्तक हलकंफुलकं असलं तरी पोकळ का वाटत नाही, ते इथे कळतं. हलक्याफुलक्या रहस्यकथेत रक्ताचे पाट नसतात, क्रौर्य पडद्याआड ठेवतात, शेवटी घडी नीट बसते. मग धोका कशाचा ठेवायचा? वाचकाला ज्याची काळजी वाटेल अशी गोष्ट आधी उभी करायची आणि मग ती पणाला लावायची. इथे दोन गोष्टी आहेत. ही जमीन, आणि एव्हलिन. एव्हलिनचा विचार करा. अमेलियाचा आधार सुटला तर तिच्यापुढे रस्ता काय? उपासमार, नाहीतर ज्यानं फसवलं त्याच्यासारख्याच दुसऱ्या कोणाच्या तरी दयेवर जगणं. १८८४ मध्ये ही गंमत नव्हती. आणि अमेलियाचं विनोदी मोकळेपण कशावर उभं आहे, तेही पाहा. पैशावर. इंग्लंडमध्ये १८८२ चा कायदा होऊन १८८३ पासून विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येऊ लागली. त्याआधी लग्न झालं की साधारणपणे बाईचं ते नवऱ्याचं. म्हणजे कादंबरी ज्या वर्षी सुरू होते, तेव्हा हा कायदा जेमतेम दुधाचे दात आलेला. कायदा बदलला तरी स्थळं घेऊन येणाऱ्यांचे हिशेब बदललेले नव्हते. अमेलिया लग्नाला नाही म्हणते ती केवळ तोऱ्यात नव्हे. तिला गणित येतं. याच १८८४ मध्ये इकडे मुंबईत रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्यानं नांदायला येण्यासाठी दावा लावला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. बाई कोणाची, हा प्रश्न त्या वर्षी दोन्हीकडे कोर्टकचेरीतला होता.

तेव्हा तिची जीभ आणि तिची छत्री या दोन्ही एकाच कामाच्या. ती छत्री म्हणजे साधी नव्हे बरं का. पुढच्या पुस्तकांत तर अमेलियाची पोलादी दांड्याची छत्री गुन्हेगारांत प्रसिद्धच होते. कमरेच्या पट्ट्याला सुरी, काडेपेटी, पाण्याची बाटली, टिपणवही, काय काय लटकवलेलं. चालताना खुळखुळ आवाज येतो, त्यामुळे लपून पाठलाग करणं तिला जमतच नाही. (हशा) हेर म्हणून हे किती वाईट आहे! मिस मार्पलशी तुलना करा. १९३० मध्ये कादंबरीत आलेली ही म्हातारी विणकाम घेऊन कोपऱ्यात बसते, कोणी तिची दखल घेत नाही, आणि त्या दुर्लक्षाचाच ती हत्यार म्हणून वापर करते. अमेलियाचं उलटं. ती खोलीत शिरली की सगळ्यांना कळतं. ती गुन्हेगाराला शोधत नाही, त्याला इतकं सतावते की तो चूक करतो.

अशी वाजतगाजत येणारी हौशी बाई हेरकथेत पूर्वीही होऊन गेली होती. १८९७ मध्ये अ‍ॅना कॅथरिन ग्रीन या अमेरिकन लेखिकेनं न्यूयॉर्कची एक प्रौढ अविवाहित बाई उभी केली, जी मध्यरात्री खिडकीतून शेजारच्या घराकडे बघते आणि मग पोलिस अधिकाऱ्याच्या पुढे धावते. तीही स्वतःची गोष्ट स्वतःच सांगते, तीही स्वतःवर भलतीच खूश. तिचं नाव अमेलिया बटरवर्थ. तिसरी अमेलिया! मर्ट्झबाईंच्या मनात ही होती की नव्हती, हा शोध आम्ही तुमच्यावर सोपवतो.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोचले. पण असा आवाज, स्वतःवर हसायला लावणाऱ्या बाईचा 'मी', मराठीत शोधायचा तर आम्ही हेरकथांच्या कपाटाकडे जाणार नाही, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे जाऊ. तिथेही एक तापट, विद्वान, मनस्वी नवरा आहे आणि त्याच्याकडे पाहून हसणारी, तितकंच स्वतःला हसणारी बायको आहे. फरक एवढाच की लक्ष्मीबाईंना आपण कुठे चुकलो ते पक्कं माहीत आहे आणि त्या ते मिश्किलपणे सांगतात. अमेलियाला माहीत नसतं. म्हणून लक्ष्मीबाईंचा विनोद अधिक खोल आणि अमेलियाचा अधिक धमाल.

आता एक बोचणारी गोष्ट. ती टाळून पुढे जाणं बरं नव्हे. इजिप्त १८८२ पासून ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होता. अमेलिया तिथे फिरते ती राज्यकर्त्यांपैकी एक म्हणून. गावकरी ममीला घाबरून पळतात, साहेब लोक मात्र तर्क लढवतात. मजुरांना औषधं पाजणं, गाढवांना धुवून काढायला लावणं, असं तिचं चालू असतं. आपण ज्या देशात हे वाचतो, तिथे ही नजर ओळखीची आहे. आपल्याकडच्या गोऱ्या मेमसाहेबांच्या आठवणींत असंच असतं. लेखिकेच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की ती अमेलियाच्या या साहेबी तोऱ्यालाही हसते, आणि पुढच्या पुस्तकांत इजिप्शियन माणसं, विशेषतः मुकादम अब्दुल्ला आणि त्याचं कुटुंब, नीट चेहऱ्यामोहऱ्याची होतात. पण पहिल्या पुस्तकात गाव म्हणजे घाबरणारा जमाव, हे नाकारता येत नाही.

आणि इथे खरा इतिहास कादंबरीच्या पुढे जातो. पेट्रींनी वाचवलेली ती खरी जमीन पुढे काय झाली? तिच्यावर छप्पर बांधलं, पर्यटक बघायला यायला लागले. जायला धड वाट नव्हती. लोक शेतातून पिकं तुडवत जायचे. १९१२ मध्ये एका माणसानं रात्री जाऊन ती जमीन कुदळीनं फोडून टाकली. उरलेले तुकडे कैरोच्या संग्रहालयात आहेत. कादंबरीत जमीन फुटते तेव्हा त्यामागे एक खलनायकी डाव असतो. वास्तवात ज्यानं फोडली त्याच्याकडे हेतू होता, आणि तो समजायला कोणत्याही हेराची गरज नव्हती. फक्त त्याच्या शेताकडे कोणीतरी पाहायला हवं होतं. अमेलियानं या गुन्ह्याचा तपास केला असता तर तिला काय सापडलं असतं, असं आमच्या मनात येतं. बहुधा तिनं आधी त्या शेतकऱ्याला छत्रीनं झोडलं असतं आणि मग पर्यटकांना. ते दुसरं वाचायला आम्हाला फार आवडलं असतं.

प्रश्नांसाठी थोडा वेळ आहे.

एका ताईंनी विचारलंय, नावाचा अर्थ काय? मगर कुठे आहे? मगर प्राचीन इजिप्तच्या एका प्रेमकवितेतली आहे. प्रेयसी नदीच्या पलीकडे आहे, मध्ये पाणी आहे, वाळूच्या पट्ट्यावर मगर बसलीय, आणि प्रियकर तरीही पाण्यात उतरतो. आता यातला प्रियकर कोण आणि मगर कोण, हे वाचून ठरवा. आमचं मत दर वाचनाला बदलतं.

दुसरा प्रश्न, मालिका कितीची आहे, कुठून सुरू करावी? एकूण वीस कादंबऱ्या. मर्ट्झबाई २०१३ मध्ये गेल्या. शेवटची अपुरी राहिली होती, ती जोन हेस या लेखिकेनं पुरी केली आणि २०१७ मध्ये आली. सुरुवात पहिल्यापासूनच करा. दुसरं पुस्तक १९८१ चं, त्यात अमेलियाचं लग्न झालेलं आहे आणि तिला रॅम्सेस नावाचा मुलगा आहे. कळायला लागल्यापासून तो पुराणपुरुषासारखा लांबलचक वाक्यांत बोलतो. मधल्या काही पुस्तकांत तेच तेच होतं, हेही सांगून ठेवतो. दर वर्षी मोसमात एक प्रेत सापडायचंच, असं इमर्सनही त्रासून म्हणतो. पण पहिल्या चारांत कंटाळा येणार नाही.

आणि शेवटचा प्रश्न एका आजोबांचा आहे. ममी खरी बघायची असेल तर इजिप्तलाच जायला हवं का? नाही आजोबा. बडोद्याला जा. सयाजीरावांनी उभारलेल्या वस्तुसंग्रहालयात एक आहे. अजून तरी ती चालल्याचं कोणी सांगितलेलं नाही.